बाबांना बोललेले केस

पाच वर्षं बाबांनी मागितली नव्हती. ती मी आपणहून बोलले.

माझा मुलगा शारजाच्या हॉस्पिटलात दिवस भरायच्या आधीच जन्मला आणि त्याला काचेच्या पेटीत ठेवलं. त्याच्या आधीचे दोन माझ्या पोटातच गेले होते. नवरा क्रेनवर कामाला, संध्याकाळशिवाय येणार नाही. नर्स इंग्रजी बोलायच्या, डॉक्टरीणबाई अरबी, आणि मला सातवीपर्यंतचं मराठी आणि सिनेमातलं हिंदी. मग जे मराठी समजतील अशी माझी खात्री होती त्यांच्याशीच मी बोलले, म्हणजे आमच्या गावच्या दर्ग्यातल्या पीरबाबांशी. "बाबा, हा जगू दे. याचं जावळ तुमच्या दारात काढीन."

इथे थांबायला हवं होतं. पण पेटीतलं पोर हलेना. मला वाटलं, कमी पडलं. म्हटलं, "तीन वर्षं कात्री लावणार नाही." तरी हलेना. "पाच, बाबा. पुरी पाच." तेवढ्यात त्याने एक पाय झाडला आणि माझा नवस पक्का झाला. मच्छीबाजारात मी भाव पाडून घेणारी बाई. बाबांसमोर मात्र माझा भाव मीच चढवत नेला.

आम्ही सिद्दी. आमचे पूर्वज कधीकाळी आफ्रिकेतून जंजिऱ्याच्या किनाऱ्याला आले आणि तिथलेच झाले. म्हणजे रंग आफ्रिकेचा, केस आफ्रिकेचे आणि तोंड उघडलं की मुरुडची बाई. शारजात मला कोणी हिंदुस्थानी मानायचंच नाही. मल्याळी दुकानदार माझ्याशी अरबीत बोलायचा आणि मी कढीपत्ता मागितला की माझ्याकडे बघतच राहायचा.

आमचे केस खाली वाढत नाहीत, चहूकडे वाढतात. मुलगा चार वर्षांचा झाला तेव्हा त्याला बनियन घालायला आम्ही दोघं लागायचो. एकाने डोकं दाबायचं, दुसऱ्याने गळा ओढायचा. नवरा म्हणायचा, "अगं, बाबांना एवढे केस कशाला? त्यांचं काय सलून आहे?" मी म्हणायचे, "तोंड आवरा. ऐकतात ते." आणि लगेच पोराच्या कपाळाला हात लावून बघायचे. ही माझी सवयच होती. तो शिंकला तरी मी हातातलं काम टाकून धावायचे. तो माझ्याकडे उसना आहे असंच मी धरून चालले होते.

मग शाळेचं निघालं. मी सातवीत शाळा सोडली, कारण आठवी पुढच्या गावात होती आणि माझ्याखालची भावंडं घरात. त्याचं मला फार दुःख आहे असं नाही, पण कुणी लिहिलेला कागद पुढे केला की अजून घाम फुटतो. माझ्या पोराला तो फुटू नये, एवढंच मला पाहिजे होतं. नवऱ्याने कसंबसं इंडियन शाळेत नाव घातलं. एप्रिलमध्ये वर्ग सुरू होणार होते. गावी जायची आमची रजा त्याच्या पुढच्या वर्षी होती.

मुलाला दाखवायला म्हणून मी शाळेत गेले तर रांगेत माझ्यापुढे दोन मराठी बायका. एक हळूच म्हणाली, "त्या पोराचे केस बघ. आई कंगवा फिरवत नाही वाटतं." दुसरी म्हणाली, "सुदानी असतील. पण यांना इंडियन शाळेत कसं घेतात?"

मी म्हटलं, "पासपोर्ट बघून घेतात, वहिनी. आणि कंगवा फिरवते, पण आत गेलेला कंगवा परत येत नाही."

दोघी लालभडक झाल्या. मग पहिली खो खो हसली आणि तिने पोराच्या हातात चकली ठेवली. त्याने तिला "थँक्यू आंटी" म्हटलं. घरात आम्ही मराठी बोलायचो आणि हा कार्टून बघून इंग्रजीत उत्तरं द्यायचा.

मुख्याध्यापिकाबाई हिंदीत म्हणाल्या, "बच्चा होशियार है. बाल कटवाके भेजिए."

"मन्नत है, मॅडम. एक साल और."

त्यांनी चष्मा काढला. "देखिए, मन्नत मैं भी मानती हूँ. लेकिन आज आपको छूट दी, तो कल मेरे पास पचीस माँएं आएंगी. एक महीना देती हूँ."

रागावल्या असत्या तर मला भांडता आलं असतं. त्या चांगल्या वागल्या, म्हणून मी गप्प घरी आले.

सासूला फोन लावला. सासू म्हणाली, "हात लावशील तर बघ. पोर तुझं नाही, बाबांचं आहे."

"पण शाळा, अम्मा."

"तू शिकली नाहीस तर काय मेलीस?"

नाही मेले, हे खरं होतं. पण तेवढ्यासाठी मी इतक्या लांब आले नव्हते.

पुढचे काही आठवडे मी नीट जेवले नाही. पोराचे केस बांधून टोपीत कोंबायचे, टोपी त्याच्या वर्गात उडायची आणि मी घरी चटईवर बसून रडायचे. नमाज पाचही वेळा पढायचे, पण त्यात मागणंच जास्त. आभार मानायला सुचायचंच नाही. खरं तर शारजात पाऊल ठेवल्यापासून माझ्यावर उपकारच उपकार होते. नळाला पाणी, हाताशी नवरा, पेटीतून जिवंत बाहेर आलेलं पोर.

आमच्या शेजारी एक सुदानी बाई राहायची. अंगाने धिप्पाड, घरात कायम धूप आणि कॉफीचा वास. ती हिंदी सिनेमा बघून हिंदी शिकली होती, त्यामुळे तिचं बोलणं कधी नायिकेसारखं व्हायचं, कधी डाकूसारखं. एक दिवस तिने मला जिन्यात अडवलं.

"तू बीमार है?"

"नही."

"झूठ. शकल देखी है अपनी? यल्ला, अंदर."

तिने मला जमिनीवर बसवलं, माझ्या पाठीमागे स्टुलावर बसली आणि माझं डोकं आपल्या गुडघ्यांत धरलं. मग माझे केस सोडले. मी जन्मभर त्यांना शत्रूसारखं वागवलं होतं. खोबरेल ओतून, दात ओठ खाऊन मागे ओढायचे आणि पदराखाली कोंडायचे. माझी आई तर विंचरताना मलाच फटके द्यायची, जणू केस मीच मुद्दाम असे उगवलेत. या बाईने त्यांना काही म्हटलं नाही. कुठलंसं तेल बोटांवर घेतलं आणि बारीक बारीक वेण्या घालत गेली. जराही दुखलं नाही. माझ्या डोक्याला याआधी इतक्या शांतपणे कुणी हात लावल्याचं मला आठवेना. हल्ली माझी नंतर झालेली लेक ज्याला सेल्फ-केअर म्हणते आणि त्यासाठी महागाची बाटली आणते, ते मला पहिल्यांदा एका सुदानी बाईच्या गुडघ्यांत मिळालं. मी तिथेच डुलक्या खाल्ल्या. जागी झाले आणि सगळं सांगून टाकलं.

ती ऐकत राहिली. त्यांच्याकडेही असे पीर असतात, पांढऱ्या घुमटाखाली, त्यांना ते शेख म्हणतात, म्हणून मला पहिल्यापासून समजावून सांगावं लागलं नाही.

"पाच साल शेख ने बोला?"

"शेख कबर में है."

"तो किसने बोला?"

"मैंने."

"तो जा, फिर से बात कर." तिने शेवटची वेणी बांधली. "बच्चे का बाप भी तो बीवी से रोज बात बदलता है. खलास."

मी घरी जाऊन नमाजाची चटई अंथरली आणि बाबांशी मराठीत, उभ्यानेच बोलले. बसून बोलले असते तर गयावया केली असती. म्हटलं, "बाबा, पाच वर्षं मी घाबरून बोलले. तुम्ही मागितलीच नव्हती. पोर दिलंत, तुमचे उपकार आहेत. पण याला वाचता येऊ दे. केस मी उद्या कापते, एक बटही फेकणार नाही, सुट्टीत स्वतः आणून देईन. काही राग असेल तर माझ्यावर काढा, मी इथेच आहे."

तेवढ्यात एसी धाड्कन बंद पडला. म्हटलं, बाबा रागावले. जरा वेळाने तो परत घुरघुरायला लागला आणि मला वाटलं, मंजूर झालं. तो एसी दिवसभर असाच बंद-चालू होत असतो हे मला चांगलं माहीत होतं. तरी घेतला कौल.

नवरा म्हणाला, "सलूनमध्ये नेतो." मी म्हटलं, "बोलले मी, तर पहिली बट मीच कापणार." शेजारणीच्या स्वयंपाकघरात पोराला बसवलं. कात्री आत शिरेना. पोर म्हणालं, "मम्मी, विल इट ब्लीड?" माझ्याही मनात तेच होतं. मी डोळे मिटून कापलं. शेजारणीने जीभ हलवत तो लांब किलकिलाट काढला जो त्यांच्याकडे लग्नात काढतात. पोर दचकलं, मग हसायला लागलं आणि तसाच आवाज काढत राहिलं. केस उशीच्या अभ्र्यात भरले तर अभ्रा टम्म फुगला. खालून निघालेलं डोकं अगदी माझ्या बापासारखं होतं. हे इतकी वर्षं मला माहीतच नव्हतं.

सासूला सांगितलं. तिने आधी एवढंच विचारलं,

"टाकलेस की ठेवलेस?"

"ठेवले."

"उद्या जाते दर्ग्यात. सांगते, सून अडाणी आहे, मनावर घेऊ नका." मग म्हणाली, "शाळेत पाठव आता. निदान त्याला तरी अक्कल येऊ दे."

आणि त्याच आठवड्यात पोराला ताप आला. दुपारी शाळेतून आणला तोच निखाऱ्यासारखा. त्याच्या वर्गातली अर्धी मुलं तापाने घरी होती हे त्याच्या बाईंनी मला शाळेच्या दारातच सांगितलं, पण माझ्या कानात ते शिरलं नाही. मला फक्त त्याचं उघडं डोकं दिसत होतं. शेजारणीच्या गाडीतून दवाखाना गाठला. बाकावर त्याला मांडीवर घेऊन बसले आणि शब्द जिभेवर आलेच. "बाबा, याला बरं करा, मी..." पुढे काय म्हणायचं तेही तयार होतं. दहा वर्षं. पायी येईन. माझेच केस देईन, शेजारणीने घातलेल्या वेण्यांसकट.

मी ओठ दाताखाली धरले. काही बोलले नाही. एका हाताने त्याची पाठ थोपटत राहिले आणि दुसरा शेजारणीने पकडून ठेवला होता. तिला वाटलं मी दुआ करतेय, म्हणून तीही गप्प बसली.

डॉक्टरांनी घसा बघितला, गोड औषध लिहून दिलं, म्हणाले, "शाळा सुरू झाली की सगळ्यांनाच होतं." मी ते दोनदा विचारून घेतलं. घरी येऊन एक चमचा पाजलं. संध्याकाळ व्हायच्या आत त्याला घाम सुटला, गादी भिजली, आणि त्याने उठून वरणभात मागितला. तो खात असताना मी चटई अंथरली आणि त्या दिवशी काही मागितलं नाही. फक्त आभाराचं शुक्र म्हटलं आणि उठले, कारण त्याला वर तूप हवं होतं.