चिनार आणि एकोणीस ओट्या

आईच्या दशक्रियेला घाटावर चार जणांनी माइक घेतला. चौघांनाही आई नीट माहीत नव्हती. त्यातल्या एकानं सांगितलं, की माउलींनी उतारवयात वैष्णोदेवी पायी चढून दर्शन घेतलं, एवढी त्यांची श्रद्धा. लोकांनी माना हलवल्या. बायकांत बसल्या बसल्या मला त्याच्या हातातून माइक ओढून घ्यावासा वाटला. ओढला नाही. असं काही मला कधीच जमलेलं नाही. म्हणून हे लिहीत बसले आहे, रोज थोडं थोडं.

आई देवीला निघाली नव्हती. तिला झाडांची पानं बघायची होती.

ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. शाळेच्या आवारात एक बदामाचं झाड होतं. आमच्याकडे पानं पिवळी पडतात, करपतात आणि गळतात. लाल होऊन गळायचं ते फक्त त्या एका झाडाचं पान. चौथीच्या मुलांना ते पान दाखवून ती सांगायची, की काश्मीरात चिनार असतात आणि दिवाळीच्या सुमारास ते शेंड्यापासून बुंध्यापर्यंत असे होतात. ‘बाई, तुम्ही बघितलंय?’ असं कुणीतरी विचारायचंच. तीस वर्षं ती ‘नाही’ म्हणाली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाल्यावर एकदा मटार सोलता सोलता मला म्हणाली, “एकदा बघून यायला हवं गं.” तिनं माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट.

मी शिरूरला एका शाळेत ग्रंथपाल आहे. मला कामं सावकाश करायची सवय आहे. मी दोन महिने वाचत होते. विमान आणि पुण्याच्या सहल कंपन्या पहिल्याच आठवड्यात बाद झाल्या. आईची पेन्शन आणि माझा पगार यांत ते बसत नव्हतं. दौंडहून जम्मूला थेट गाडी होती. तिथून कटरा, आणि कटऱ्याहून आता श्रीनगरपर्यंत रेल्वे जाते. श्रीनगरला एका कुटुंबाच्या घरात दोन खोल्या मिळत होत्या, स्वयंपाकघर वापरू देणार होते. घरमालकानं फोनवर बजावलं होतं, की नोव्हेंबरचा पहिला आठवडा पकडा. नंतर वारा सुटतो आणि दोन दिवसांत सगळं खाली येतं. भाऊबीज करून निघायचं, श्रीनगरला चार दिवस राहायचं, परत यायचं. वयस्कर माणसांसाठी खालचे बर्थ मिळावेत म्हणून मी आरक्षण उघडलं त्या सकाळी आठ वाजता बसले आणि मिळवले.

मग मी गावी, दौंडजवळ, जाऊन आबांना सांगितलं.

आबा म्हणजे माझे वडील. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली. “पानं बघाया? वाळकी?”

“लाल होतात, आबा.”

“वाळल्याबिगर गळत्यात व्हय? उसाच्या फडात चल की माज्यासंगं. पाचट काय कमी हाय?”

भाऊ कुरकुंभच्या कंपनीतून रात्रपाळी करून आला होता. तो म्हणाला, “आन् पाचट बघायला तिकीट पण लागत नाही.” दोघं हसले. आई आत भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

आबांची खरी अडचण वेगळी होती. ऊसतोडीच्या तोंडावर शेत सोडून पानं बघायला गेलो असं चावडीवर सांगायचं कसं? तेव्हा मी ते वाक्य बोलले. कुणी मला सुचवलं नव्हतं. “लोकांना सांगा, वैष्णोदेवीला चाललोय. कटरा वाटेवरच आहे. पायथ्याला हात जोडू आणि पुढं जाऊ.”

आबांचा चेहरा उजळला. आई दारात आली, तिचे हात पिठाचे होते. “खोटं कशाला?” म्हणाली. मी म्हटलं, “थोडंसंच आहे.”

आठवडाभरात पहिली ओटी आली. आमच्याकडे कुणी देवीला निघालं, की शेजारपाजारच्या बायका त्याच्या हाती आपली ओटी पाठवतात. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, एका फडक्यात बांधून. तिला नाही म्हणता येत नाही, ती वाटेत सोडता येत नाही, आणि ती पोचवल्याशिवाय आपली मौजमजा करायची नसते. मी हे लहानपणापासून बघत आले होते. तरीही मला आठवलं नाही. पुस्तकं वाचणाऱ्या माणसाचा अडाणीपणा हा असा असतो.

निघेपर्यंत एकोणीस ओट्या झाल्या. एकोणीस नारळ. त्या बायकांचा मला अजून तिटकारा आहे. आईच्या दुखऱ्या गुडघ्यांची चौकशी एकीनंही केली नाही. फडक्याची गाठ मात्र प्रत्येकीनं दोनदा दाबून दाखवली. सगळ्यात शेवटी काकू आली, म्हणजे माझी चुलती. तिच्या सुनेला सहा वर्षं मूल नव्हतं.

“बाई, माजी ओटी पायी जाऊ द्या हां. घोडं न्हाई, डोली न्हाई. नवस हाय.”

“अगं, माझे गुडघे...”

“देवी बळ देती. तुमी काय रोज जाताय व्हय? आमच्या नशिबात कुठलं जाणं! मास्तरणीला पेन्शन हाय, तुमी जाताय.” आणि तिनं ओटी आईच्या पदरात टाकली.

मी आईला म्हटलं, कटऱ्यातल्याच एखाद्या देवळात सगळ्या ठेवून देऊ, कोण बघतंय. ती म्हणाली, “त्यांनी भरवशानं दिल्यात. एक खोटं बोलून झालंय आपलं.”

कटऱ्याला उतरल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही चढायला लागलो. नारळांची पिशवी मी घेतली होती, काकूची ओटी आईनं स्वतःच्या कमरेला बांधली होती. आबांना घोड्यावर बसवलं. आई बसली नाही. घोडेवाले मागं लागायचे, ती हात हलवून नको म्हणायची. अर्ध्या वाटेवर ती कठड्याला धरून चालायला लागली. मी भांडले. भर रस्त्यात, लोक जयजयकार करत असताना, मी तिला म्हटलं, “त्या बाईसाठी तू पाय मोडून घेणार आहेस का?” ती म्हणाली, “मग तू तिला आधीच खरं सांगायचंस.”

ओट्या पोचल्या. एकोणीसच्या एकोणीस.

खाली आलो तेव्हा तिचा उजवा गुडघा भोपळ्याएवढा झाला होता. डॉक्टरांनी चार दिवस पाय टेकवू नका म्हणून सांगितलं. श्रीनगरची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी होती. ती आमच्याशिवाय गेली. परतीची तिकिटं ठरलेली, बदलून घ्यायची तर खालचे बर्थ नव्हते आणि हातात पैसेही नव्हते. चार दिवस आम्ही कटऱ्यातल्या एका खोलीत काढले. खिडकीसमोर एका लॉजची पाण्याची टाकी होती. श्रीनगरच्या घरमालकानं मला झाडांचे फोटो पाठवले. मी फोन आईपुढं धरला. तिनं तो उलटा करून गादीवर ठेवला. “फोटो नको.”

आबा म्हणाले, “देवीचं बोलावणं एवढंच हुतं.” मी त्यांच्याशी जम्मू ते दौंड एक शब्द बोलले नाही. पुढचे काही महिनेही फारसं बोलले नाही. आईला मात्र सांगितलं, पुढच्या वर्षी. ती हो म्हणाली, आणि वर्षभर संध्याकाळी अंगणात काठी घेऊन फेऱ्या मारत राहिली, पाय तयार असावेत म्हणून. भादव्यात मी पुन्हा सकाळी आठ वाजता बसून तिकिटं काढली. या वेळी कुणालाही काहीही सांगितलं नव्हतं. आश्विनात एका दुपारी ती जेवून आडवी झाली आणि उठली नाही.

तेराव्यानंतर काकू घरी आली. तिच्या हातात दुपट्यात गुंडाळलेली दीड महिन्याची नात होती. आत आल्या आल्या तिनं ती माझ्यापुढं धरली.

“घे. तुज्या आईच्या पायांनी आलीया ही. पोरगा न्हाई झाला, पण झालं तरी.”

मी हात पुढं केला नाही. मी म्हटलं, “त्या पायांनी तिला झाडं बघायला जायचं होतं, काकू.”

“कसली झाडं?”

मी सांगितलं. चिनार, श्रीनगर, चार दिवस, सगळं. देवीचं नाव आम्ही लोकांना सांगण्यापुरतं घेतलं होतं, हेही सांगितलं. तिला लागावं म्हणूनच सांगितलं. आबा कोपऱ्यात बसून जमिनीकडे बघत होते. पोर चुळबुळ करायला लागली तेव्हा काकूनं तिला खांद्यावर टाकलं.

“आन् हे तवा सांगाया तोंड नव्हतं व्हय तुला?” ती म्हणाली. “पानं बघाया चाललीय म्हनली असती तर हसले असते मी. चार दिस हसले असते. पण ओटी कशाला दिली असती?”

ती उठली आणि गेली.

काकूला मी अजूनही माफ केलेलं नाही. ती म्हणाली ते खरं होतं, म्हणून तर ती मला जास्तच नकोशी झाली आहे.