तासभर मांडी

ऑपरेशनला वर्ष झालेला पेशंट आला, की कल्याणचे आमचे हाडांचे डॉक्टर एक्स-रे बाजूला ठेवून जमिनीवर चटई अंथरायचे. "फोटोत सगळेच छान दिसतात. मांडी घाला बघू."

कमरेखालच्या हाडाचं कडं तुटलेल्यांवर त्यांचा विशेष जीव. ते जोडायला पुढून मोठी चीर देऊन प्लेट, नाहीतर मागून छोट्या भोकातून स्क्रू. काहींना दोन्हीपैकी काहीही चालायचं. मग बरं कुठलं? ते ठरवायला प्रत्येकाचा कागद ठेवत आणि त्यावर प्रश्न एकच, वर्षाने मांडी घालता येते का. "आपल्या माणसांचं निम्मं आयुष्य जमिनीवर जातं," म्हणायचे.

मी तेव्हा पंचावन्नची, डोंबिवलीत शाळामास्तरीण आणि नव्या स्कूटरवर स्वतःला राणी समजणारी. मानपाडा रोडवर एका टेम्पोने राणीला खाली उतरवलं. मला स्क्रू लागले. वर्षाने बोलावलं, तर "शाळेत परीक्षा आहेत" म्हणून मी गेलेच नाही. शेवटी त्यांचाच फोन आला.

"बाई, मांडी जमते?"

"जमते की. तासभर बसते."

बोलताना मी खुर्चीत होते, पाय स्टुलावर. आयुष्यभर पोरांना नापास केलं, स्वतः व्हायची लाज वाटली. वर डॉक्टरांना वाईट वाटू नये, असा साळसूदपणाही केला.

दोनेक वर्षांनी नाक्यावरची भाजीवाली सुमन स्टुलावर बसलेली दिसली. तिचंही तेच हाड, तेच डॉक्टर.

"दोन्ही इलाज सांगितले त्यांनी. मी म्हटलं, मला खाली बसता आलं पाहिजे, धंदाच तसला. तर म्हणाले, स्क्रूवर एक बाई तासभर मांडी घालतात. मग स्क्रूच घेतले. आता खालची जुडी उचलताना जीव जातो, बाई."

दुसऱ्याच दिवशी कल्याणला जाऊन मी खरं सांगितलं. ओरडतील, या तयारीने गेले होते. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "दुखतं कधीपासून?"

मग माझ्या कागदावरचं 'होय' खोडलं आणि माझ्यादेखत सुमनला फोन लावला. "चूक माझी झाली. न बघता विश्वास ठेवला. तपासायला या." माझं नाव त्यांनी घेतलं नाही. समोर बसून मीही घेतलं नाही.

डॉक्टर गेल्या वर्षी गेले. मी सत्तरीची झाले, भाजी अजून सुमनकडूनच घेते. "देवमाणूस होता," ती दर खेपेला म्हणते, "एवढा मोठा डॉक्टर, पण स्वतःची चूक कबूल केली."

मी पिशवी उघडून धरते आणि विचारते, "मेथी आजचीच आहे ना गं?"