कॉम्प्युटर घेऊन दिघीला

“ताई, लॅपटॉप गेला,” प्रज्ञा फोनवर म्हणाली. “चालूच होत न्हाय. आणि रविवारी संध्याकाळी नवरीकडे फोटो द्यायचेत.”

प्रज्ञा ही माझी मामेबहीण. दिघीला राहते आणि लग्नाचे फोटो काढते. म्हणजे आत्तापर्यंत दुसऱ्या फोटोग्राफरच्या हाताखाली काढत होती, स्वतःच्या नावावर मिळालेलं हे पहिलंच अख्खं लग्न. मामीने आधीच जाहीर करून टाकलं होतं की या लग्नाचे फोटो पसंत पडले तर ठीक, नाहीतर पनवेलच्या मॉलमध्ये बिलिंग काउंटरवरची नोकरी घ्यायची. जागा राखून ठेवलेली होती, सोमवारी हो की नाही ते कळवायचं होतं. प्रज्ञाला त्या नोकरीचं नाव काढलेलंही खपत नसे.

मी अलिबागच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळते, त्यामुळे आमच्या नात्यात कुणाचा साधा मोबाइल अडकला तरी पहिला फोन मला येतो. मी म्हटलं, “रडू नकोस. शनिवारी येते आणि तुला डेस्कटॉपच बांधून देते.” बोलून गेले खरी, आणि खरं सांगू का, मला यात तसूभरही शंका नव्हती. लॅबमधली कितीतरी डबडी मी उघडून परत उभी केलीत.

आता तुमच्यापैकी कुणाला असा कॉम्प्युटर बांधायचा असेल तर ऐका. साठ हजारांच्या आत सगळं बसवायचं होतं, मॉनिटर आणि यूपीएस धरून. दुकानदार तुम्हाला आधी रंगीत दिव्यांचं कॅबिनेट दाखवतो. तिकडे बघूच नका. आमची गरज फोटो एडिटिंगची, आणि प्रज्ञाला फुटबॉलचा गेम आवडतो, तेवढा चालला की झालं. म्हणून प्रोसेसर मधल्या दर्जाचा, रॅमच्या दोन पट्ट्या, एक बऱ्यापैकी एसएसडी आणि साधंसं ग्राफिक्स कार्ड घेतलं. वाचलेले पैसे मॉनिटरमध्ये घातले. फोटोचं काम करणाऱ्या माणसाला रंग खरे दिसले नाहीत तर आतलं बाकी सगळं काय कामाचं? पॉवर सप्लायही नाव नसलेला घेऊ नका. आपल्या किनाऱ्यावर वीज कशी येते-जाते ते तुम्हाला माहीत आहे.

शनिवारी सकाळी मागच्या सीटवर मॉनिटरचं खोकं उभं करून पट्टा लावला, बाकी खोकी डिकीत टाकली आणि निघाले. रेवदंड्यापर्यंत रस्ता ठीक. रेवदंड्यात सुकत घातलेल्या मासळीचा वास गाडीत शिरला, तो मुरुडपर्यंत सोबतीला होता. पूल ओलांडून, कोर्लईचा किल्ला उजवीकडे ठेवत काशीदच्या सुरूच्या बनापर्यंत आले. एरवी मी इथे थांबतेच. या वेळी मागे मॉनिटर होता आणि पुढे खड्डे होते, म्हणून न थांबता दुसऱ्या गिअरमध्ये, नवी सून हातात दुधाचं पातेलं घेऊन चालते तशी चालवत राहिले. मागचे हॉर्न वाजवत होते. वाजवा म्हटलं.

मुरुडला चहा घेतला, ऑम्लेट-पाव खाल्ला. मग आगरदांडा. इथून फेरीबोट गाडीसकट पलीकडे दिघीला नेते. जाणार असाल तर वेळ आधी विचारून जा, भरती-ओहोटी आणि गर्दीप्रमाणे मागेपुढे होते. आणि सुटे पैसे ठेवा. बोटीवर गाडी लावून देणाऱ्या काकांनी मागच्या काचेतून डोकावून पाहिलं.

“टीव्ही घेतला काय, बाय?”

“कॉम्प्युटर आहे, काका.”

“दिघीत कुणाला लागला कॉम्प्युटर?”

“फोटोवाल्या प्रज्ञाला.”

“अरे, ती व्हय!” त्यांनी गाडी आणखी हातभर आत घ्यायला लावली, रेलिंगपासून लांब. “खारं पानी उडतं इथं. जप हो.” दिघीत प्रज्ञाला ‘फोटोवाली’ म्हणून ओळखतात हे ऐकून मला उगाचच मोठं वाटलं.

मामा दारातच उभे होते. मामांनी सगळी उमर लाँचच्या इंजिनावर काढली. त्यांच्या घरात लोखंड गंजत नाही, ही आमच्या नात्यातली प्रसिद्ध गोष्ट. कुलूप, कडी, खिडकीच्या बिजागऱ्या, मामीचं शिलाई मशीन, सायकलची चेन, सगळ्यावर त्यांचं तेलाचं बोट फिरलेलं असतं. समुद्राकाठी राहणाऱ्या प्रत्येक घराला खाऱ्या वाऱ्याची धास्ती असते, मामांना ती जरा जास्तच. मॉनिटर आत घेताना त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “ह्याला गंज धरनार न्हाय ना?”

“काळजी नको, मामा,” मी म्हटलं.

मामीने तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण वाढलं. कालवण असं की बोलणंच बंद. पण मामी गप्प बसणाऱ्यातली नाही. “एवढा खर्च करून आनलंस खरं,” ती म्हणाली, “पन सोमवारी ही पनवेलला गेली तर ह्याचं काय करायचं? कपडे वाळत घालू काय ह्याच्यावर?”

“आई, जेवू दे ना तिला,” प्रज्ञा म्हणाली. तिने स्वतः दोन घासही खाल्ले नव्हते.

जेवण झाल्यावर मी टेबलावर स्वच्छ चादर अंथरली आणि प्रोसेसर सोडून बाकी सगळं काढून ओळीने मांडलं. तेवढ्यात वीज गेली. आता त्या अंधाऱ्या खोलीत दिव्याशिवाय प्रोसेसर बसवायचा म्हणजे विषाची परीक्षा. म्हटलं सकाळी शांतपणे करू, आणि प्रज्ञाचं डोकं जरा ठिकाणावर यावं म्हणून तिला गाडीत घालून दिवेआगरला नेलं. मऊ, लांबच लांब वाळू, शनिवारची गर्दीही एका टोकालाच. तिथे तिने मनातलं सांगितलं.

“ताई, फोटो खराबच आलेत बहुतेक. लग्न आपल्यातलं, बौद्ध पद्धतीचं, म्हणजे नवरा-नवरी दोघंही पांढऱ्या कपड्यात, मागे मंडपाचा पडदाही पांढरा. लॅपटॉप बंद पडायच्या आधी बघितले मी. नवरीची साडी म्हणजे नुसता चुन्याचा ठिपका. काहीच दिसत न्हाय त्यात.”

“लॅपटॉपचा स्क्रीन कसला होता तुझा? फिका पडलेला. त्याच्यावरून ठरवतेस?”

“आणि खरंच खराब असले तर?”

“तर मग बघू. आधी बघू तरी.” मी आवाज चढवून बोलले, कारण माझ्याही मनात तेव्हा पहिल्यांदा पाल चुकचुकली होती.

रविवारी सकाळी चहा पिऊन कामाला लागले. प्रोसेसर बसला, पंखा बसला, रॅम खटकन बसली, कार्ड बसलं, केबलींचा गुंता सरळ झाला. मामा खुर्चीत बसून बघत होते. मामी भाजी निवडत होती, पण तिचंही लक्ष इकडेच. मी ऐटीत बटण दाबलं. पंखे फिरले, दिवा लागला. मॉनिटर मात्र काळाठिक्कर.

काही हरकत नाही, होतं असं. केबल बदलली. काळाच. कार्ड काढून परत लावलं. काळाच. एकच रॅम ठेवून पाहिलं, मग दुसरी. प्रज्ञा नखं खात होती. मामी म्हणाली, “पनवेलला फोन करून ठेवू काय?” आणि माझ्या कपाळाला घाम फुटला. एवढ्या फुशारक्या मारून आले होते! आता काय तोंड दाखवू?

रॅमची पट्टी परत हातात घेतली आणि ती बोटांतून निसटली. नवी कोरी पट्टी निसटते कशी? बोट नाकाशी नेलं. खोबरेल तेल! पट्टीच्या कडेला जी सोनेरी रेघ असते, तिच्यातूनच सगळा कारभार चालतो, आणि त्या रेघेवर मस्त, एकसारखा, निगुतीने दिलेला तेलाचा हात. ग्राफिक्स कार्डाच्या कडेलाही तेच.

“मामा!!”

“व्हय, मीच लावलं,” मामा शांतपणे म्हणाले. “काल तुम्ही दिवेआगरला गेलाव तवा. उघडं पडलं होतं सगळं. पितळी पट्ट्या दिसल्या, म्हटलं खारा वारा लागला तर महिन्यात हिरव्या पडतील. तुला सांगायचं राहिलं.”

“अहो मामा, ते काय कुलूप आहे का तेल द्यायला? सत्यानाश केलात!”

मामांचा चेहरा असा उतरला की मी लगेच आवाज खाली आणला. मामी मात्र सुटली. “हजारदा सांगितलं ह्या मानसाला, दिसेल त्याला तेल लावू नका! उद्या माज्या केसांचं तेल पावाला लावतील!” मामा उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. त्यांच्या पाठीकडे बघून माझा राग गेला आणि वाईट वाटलं. लेकीची वस्तू टिकावी म्हणूनच केलं होतं त्यांनी. आणि उघडं मांडून फिरायला जाणारी शहाणी मीच.

नशीब, प्रोसेसर त्याच्या खोक्यात बंद होता. प्रज्ञाला स्कूटीवर मेडिकलमध्ये पिटाळलं, स्पिरिट आणि कापूस आणायला. तोवर मी घरातलं खोडरबर शोधलं. तुमच्यावर कधी ही वेळ आली तर लक्षात ठेवा: वीज पूर्ण बंद, वायर काढलेली, स्पिरिटच्या बोळ्याने तेल पुसायचं, वाळू द्यायचं, मग त्या सोनेरी रेघेवर खोडरबर हलक्या हाताने फिरवायचं आणि कणन् कण झटकायचा. खाचांमध्ये मऊ ब्रशने, अगदी थोड्या स्पिरिटने. आणि घाई करायची नाही. सगळं नीट वाळल्याशिवाय मी बटणाला हात लावू दिला नाही, मामीने कितीही सुस्कारे टाकले तरी.

“मामा, आत या,” मी हाक मारली. “तुम्ही नसाल तर मी चालू करणार नाही.”

ते आले, दाराशी उभे राहिले. बटण दाबलं. क्षणभर काळं. मग उजेड!

प्रज्ञाने मला अशी मिठी मारली की खुर्चीसकट पडले असते. पण खरी परीक्षा पुढेच होती. विंडोज आणि फोटोचं सॉफ्टवेअर टाकण्यात दुपार गेली. मग तिने कॅमेऱ्याचं कार्ड लावलं. कॅमेऱ्यातल्या मूळ रॉ फाइल होत्या, म्हणजे त्यात सगळी माहिती शाबूत. नवरीचा फोटो उघडला. पांढरं पांढरं होतंच. प्रज्ञाने सॉफ्टवेअरमधली उजळपणा कमी करायची खूण माउसने हळूहळू मागे ओढली.

साडी वर आली. आधी काठ, मग पोत, मग पदरावरची पांढऱ्या दोऱ्याने काढलेली बारीक फुलं. एकेक चुणी दिसली. त्याच्यामागे पडद्याचा पांढरा वेगळा, थोडा निळसर. नवऱ्याच्या सदऱ्याचा आणखी वेगळा, सायीसारखा. आणि त्या सगळ्यात नवरीचा सावळा, हसू दाबून धरलेला चेहरा. मी लॅबमध्ये ढिगाने फोटो बघितलेत, पण माझ्या अंगावर काटा आला. काय फोटो काढलाय पोरीने!

“हे मी काढलंय?” प्रज्ञा पुटपुटली. ती रडत होती आणि माउस सोडत नव्हती. दुसरा उघडला, तिसरा उघडला. प्रत्येकात साडी होती, फुलं होती.

मामी भाजीचं ताट ठेवून जवळ आली, पार मॉनिटरला नाक लागेपर्यंत. “हे भरतकाम हातचं हाय,” ती म्हणाली. “मशीनचं न्हाय.” मामीच्या तोंडून एवढंच निघालं, पण नोकरीचा विषय तिने दिवसभरात पुन्हा काढला नाही.

निवडक फोटो संध्याकाळी वेळेत नवरीच्या घरी गेले. मग फुटबॉलचा गेम चालवून पाहिला. चित्रांचा दर्जा जरा मध्यम ठेवला तर झकास चालतो, कुठे अडकत नाही. मामांनीही एक डाव खेळला आणि स्वतःच्याच जाळ्यात गोल मारला. शेवटी कॅबिनेट खिडकीपासून लांब, जमिनीवरून उंच ठेवलं. बंद असताना वरून सुती कापड, चालू असताना कापड काढायचं, आणि तेल आयुष्यात कधीही नाही, असा नियम मामांकडून वदवून घेतला.

सोमवारी पहिल्या फेरीने निघाले. येताना गाडी रिकामी होती, म्हणून काशीदला मनसोक्त थांबले, शहाळं प्यायले आणि तरी वेळेत घरी आले. घरी येऊन हे लिहायला बसले, तर सगळ्यात जास्त काय राहिलं मनात? समुद्र नाही, बोंबलाचं कालवणही नाही, आणि ते तर उत्तम होतं. राहिला तो प्रज्ञाचा माउसवरचा हात. कॉम्प्युटर मी बांधला म्हणून मिरवेन मी, मिरवणारच, पण त्या पांढऱ्यातलं पांढरं तिने लग्नाच्या दिवशीच पकडलं होतं. फक्त तिला ते बघायला मिळालं नव्हतं.

लिहीत असतानाच तिचा फोन आला.

“ताई, मॉलवाल्यांना कळवलं. येत न्हाय म्हणून.”

“अरे वा! म्हणजे नवरीकडून पसंती आली?”

“न्हाय, अजून काहीच आलं न्हाय.”

“अगं बये, मग थांबायचं होतंस की! त्यांनी नको म्हटलं तर?”

“म्हणू देत,” प्रज्ञा म्हणाली. “मी बघितलेत ना फोटो.”