भीमअण्णांची ओघळ

माणूस जातो, त्याने आखलेली रेघ मागे राहते. सांगलीतल्या शोकसभेत मी हे वाक्य म्हटलं. दोघांनी ते वहीत उतरवून घेतलं. एका पुरवणीच्या संपादकांनी तर तेवढ्यावरच मला लेख लिहायला सांगितला आणि मथळाही सुचवला, ‘अचूकतेचा उपासक’. वाक्य वाईट नाही, माझंच आहे. अडचण एवढीच, की भीमअण्णांनी आखलेल्या रेघांमधला जो भाग सगळ्यांत महत्त्वाचा होता, तो मागे राहिला नाही. तो मी पुसला होता.

अण्णा गेल्याचा फोन त्यांच्या मुलीचा, सुनंदाचा, शिराळ्याहून आला. मी कुपवाडला एका शेडच्या पायाच्या खड्ड्याशी उभा होतो. ती म्हणाली, “सर, अण्णा गेले. सकाळी च्या घेत बसले होते, मी पेपर वाचून दाखवत होते...” मी काहीतरी रीतीचं बोललो असेन. फोन ठेवल्यावर मनात पहिल्यांदा जे आलं ते दुःख नव्हतं. आता हे कुणालाच कळणार नाही, असं वाटलं आणि सुटल्यासारखं झालं. दुःख नंतर आलं, पण ते दुसरं आलं, एवढं इथे नोंदवून ठेवतो.

अण्णा सर्व्हेअर होते. फौजेत, तोफखान्यात, मोजणी शिकले आणि निवृत्त झाल्यावर सातारा-सांगलीच्या निम्म्या टेकड्या त्यांनी पायी मोजल्या. तोफखान्यात चुकलेली मोजणी कागदावर राहात नाही, आपल्याच माणसांवर जाऊन पडते, असं ते सांगत. मी इमारती, रस्ते, भिंती यांचं डिझाइन करणारा इंजिनिअर. त्यांनी मोजायचं आणि मी त्यावर बांधायचं, असं आमचं वीसेक वर्षं चाललं. त्यांची एक पद्धत होती, तिला मी सुरुवातीला हसत असे. जागेवर गेले की ते यंत्र पेटीतून काढत नसत. आधी गुरं राखणारा, सरपण गोळा करणारी बाई, कुणीतरी शोधत आणि विचारत, इथलं पाणी कुठनं जातं? मग त्या माणसामागून टेकडीभर हिंडत. मी एकदा म्हणालो, अण्णा, यंत्र सांगेल की. त्यावर म्हणाले, “सायब, यंत्र उंची सांगतंय. वाट त्या म्हातारीला ठावं हाय.”

साताऱ्याजवळच्या एका टेकडीच्या उतारावर एका शिक्षणसंस्थेला वसतिगृह बांधायचं होतं. अण्णांनी आठ दिवस राबून मोजणी केली आणि मला कंटूरची फाइल दिली. कंटूर म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेघ. अशा रेघा एकाखाली एक आल्या की कागदावर टेकडी उभी राहते. जिथे पाण्याची ओघळ असते तिथे प्रत्येक रेघ थोडी आत मुडपते, कोपरात दुमडलेल्या हातासारखी. अण्णांच्या फाइलमध्ये एका ठिकाणी आठ-दहा रेघा अशा मुडपल्या होत्या, आणि त्यांच्यामधून त्यांनी एक तुटक रेघ वरपासून खालपर्यंत सोडली होती. तिला नाव दिलं होतं, ‘पाणी’.

त्या दिवशी अकराला संस्थेच्या संचालकांची बैठक होती. मी नवं सॉफ्टवेअर घेतलं होतं. कंटूर आत घेतले की ते जमिनीचं हिरवंगार त्रिमितीय चित्र तयार करतं आणि बोटाने ते गरागरा फिरवता येतं. अण्णांची फाइल भरगच्च होती, लॅपटॉप अडकायला लागला. फाइल आत घेताना एक चौकट येते, अनावश्यक बिंदू कमी करायचे का, असं विचारणारी. मी हो म्हटलं. बिंदूंबरोबर रेघांच्या त्या मुडपीही गेल्या, हे मी पाहिलं नाही. तुटक रेघेला उंची नव्हती, म्हणून सॉफ्टवेअरने ती आपोआप वगळली. टेकडी झटक्यात उभी राहिली, गुळगुळीत, पाटावर थापलेल्या पिठासारखी. बैठकीत मी ती मोठ्या पडद्यावर फिरवली. अध्यक्षांनी हे उपग्रहावरून घेतलंय का म्हणून विचारलं. मी नाही म्हणालो, पण जरा उशिरा म्हणालो.

वसतिगृहाखालची दगडी भिंत त्या गुळगुळीत टेकडीवरून ठरली. जिथे पाणीच येत नाही तिथे पाण्याला वाट कशाला ठेवायची? उद्घाटनानंतरच्या परतीच्या पावसात वरचं सगळं पाणी ओघळीतून आलं, भिंतीमागे साठलं आणि भिंत अध्यक्षांच्या नावाच्या कोनशिलेसकट खाली गेली. सुदैवाने खाली कुणी नव्हतं. दोन सायकली आणि कोनशिला एवढंच गेलं. पैकी सायकलींबद्दल कुणी फार बोललं नाही.

साताऱ्यात संस्थेच्या कार्यालयात बैठक झाली. अण्णा शेवटच्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते, टोपी गुडघ्यावर ठेवून. चूक कुणाची, हे अध्यक्षांनी मला विचारलं. मला खरंच माहीत नव्हतं. न बघताच मी म्हणालो, सर्व्हेत ती ओघळ आली नसावी. अण्णा उठून उभे राहिले. “मी धरलीती, सायब. पर परत बगतो,” एवढंच म्हणाले. मग मी जे बोललो ते सगळ्यांना मोठ्या मनाचं वाटलं. मी म्हणालो, “जाऊ द्या अण्णा, वय झालं की डोळा चुकतो. होतं असं.”

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी त्यांची मूळ फाइल उघडली. त्या मुडपलेल्या रेघा जिथल्या तिथे होत्या. ‘पाणी’ही होतं. मी फाइल बंद केली. भेटल्यावर तोंडी सांगू, फोनवर बरं दिसत नाही, असं ठरवलं. भिंतीचं नवं ड्रॉइंग केलं आणि बरोबर त्या तुटक रेघेवर जाड पाइप दाखवला. इतक्या झटपट दुरुस्ती सुचवल्याबद्दल संस्थेने माझं कौतुक केलं.

पंधरा दिवसांनी अण्णा स्वतःच आले. शिराळ्याहून एसटीने साताऱ्याला जाऊन, कुणीही न सांगता, त्यांनी टेकडी पुन्हा मोजली होती. पिशवीत भुईमुगाच्या शेंगा होत्या, आणि दोन्ही वेळच्या मोजण्या लिहिलेली वही. वही माझ्यापुढे ठेवून म्हणाले, “त्येच आकडं येत्यात, सायब. म्हंजे डोळा दोन्ही येळंला सारकाच चुकतोय.” मी वही उघडली नाही. हीच ती भेट, जिच्यासाठी मी सांगायचं राखून ठेवलं होतं... मी चहा सांगितला. चहा पिऊन, वही पिशवीत ठेवत त्यांनी विचारलं, मिरजेत डोळ्याचा चांगला डॉक्टर कोण? मी नाव सांगितलं. पत्ताही लिहून दिला.

डॉक्टरांनी नवा चष्मा दिल्याचं त्यांनी फोनवर कळवलं. तरी काम घेणार नाही म्हणाले. “आता भरवसा न्हाई. कुणाच्या डोस्क्यावर पडाय नगं.” यंत्र त्यांनी आष्ट्याच्या एका ओळखीच्या सर्व्हेअरला देऊन टाकलं. त्यानंतर ते दोन वर्षं जगले. त्या दोन वर्षांत मी शिराळ्यावरून कितीदा तरी गेलो. दर वेळी काहीतरी घाई होती.

या लेखासाठी चार गोष्टी विचारायच्या म्हणून मागच्या आठवड्यात सुनंदाकडे गेलो, मथळाही तिला सांगितला. तिने अण्णांची ती वही आणून दिली. साताऱ्याच्या पानावर त्यांच्या अक्षरात टिपलं होतं : ओघळ. गुराख्याने दाखविली. भिंत घातल्यास पाण्यास वाट द्यावी. ते पान मी तिच्यासमोर वाचलं आणि मग सगळं सांगितलं. सॉफ्टवेअरचं तिला कितपत कळलं ठाऊक नाही, पण अण्णांचं चुकलं नव्हतं आणि मला ते दुसऱ्याच दिवशी कळलं होतं, एवढं कळायला सॉफ्टवेअर लागत नाही.

तिने हातातली कपबशी खाली ठेवली. मग म्हणाली, “सर, साधा उंबरा वलांडताना ते माझा हात धरायचे. मला न्हाई दिसत, म्हणायचे. पेपर मी वाचून दाखवायचे... आमाला वाटायचं, म्हातारपण आलं.”

मी माफी मागितली. माफी मी द्यायची व्हय, म्हणाली. मग विचारलं, “पेपरात लिवणार हाय न्हवं तुमी? मग ह्येच लिवा. ते उपासक-बिपासक ऱ्हाऊ द्या.”

निघताना तिने फडताळातून अण्णांचे दोन चष्मे काढले. एक मोजणीच्या दिवसांतला, एका काडीला दोरा गुंडाळलेला. दुसरा मिरजेचा, डबीसकट, कोरा वाटावा असा. सांगलीत कुणी गरजूंसाठी जुने चष्मे गोळा करत असेल तर द्या, म्हणाली. देण्याआधी नंबर लिहून चिकटवावा लागतो, म्हणून मी ते आमच्या गल्लीतल्या चष्म्याच्या दुकानात नेले. दुकानदाराने एकामागून एक दोन्ही यंत्रावर लावून पाहिले आणि चिठ्ठी एकच दिली. दोन्हींचा नंबर सारखाच आहे.