मागच्या खोलीचं दार

सासऱ्यांसाठी घरामागे खोली बांधायची ही कल्पना माझी. नवरा लोकांना सांगताना 'आमचं ठरलं' असं म्हणायचा, पण ठरलं वगैरे काही नव्हतं. मी ठरवलं आणि तो हो म्हणाला. नव्वदचं दशक संपत आलं होतं. शारजात आमचं भाड्याचं बैठं घर होतं, दोन बेडरूमचं, मागे वाळूचं अंगण. नवऱ्याचा छोटा कॉन्ट्रॅक्टिंगचा धंदा, मुलगी दहा वर्षांची. सासूबाई गेल्यावर सासरे कोकणातल्या घरी एकटे पडले, म्हणून त्यांना इकडे आणलं. मुलीच्या खोलीत त्यांची खाट टाकली आणि दोन महिन्यांत माझं डोकं फिरायला लागलं.

आखात त्यांना नवं नव्हतं. उमेदीची वीस वर्षं ते इथेच स्लॅबच्या शटरिंगचे सुतार होते, मजुरांच्या कॅम्पमध्ये एका खोलीत बारा जणांबरोबर राहिलेले. सवयी तिथल्याच. चहा झाला की आपला पेला विसळून ट्रंकेत ठेवायचे. साबणाची डबीसुद्धा ट्रंकेत. माझ्या घरात कोण त्यांचा पेला पळवणार होतं? जेवण पाच मिनिटांत, मान खाली घालून. मग ते स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून, मी भाजी चिरते ते बघत राहायचे. त्यांनी मला कधी दुखावलं नाही. तरी ते समोर नसावेत असं मला वाटायचं, आणि हेच मी 'बाबांना स्वतःची जागा हवी' अशा गोड शब्दांत सांगायचे.

घरमालक म्हातारा अरब. नवऱ्याने विचारलं तेव्हा त्याने अंगणात एक फेरी मारली आणि 'इन्शाल्ला' म्हणून निघून गेला. तो होकार होता की नाही, यावर आम्ही आठवडाभर वाद घातला. इकडे अशा मागच्या खोलीला मुल्हक म्हणतात, आणि ती बांधायची तर बलदियाची, म्हणजे नगरपालिकेची, परवानगी लागते. नकाशा एकदा परत आला, कारण कंपाउंडच्या भिंतीपासून पुरेसं अंतर सोडलं नव्हतं.

"आता कन्सल्टंटचा स्टॅम्प पाहिजे बोलतात," नवरा घरी येऊन बूट काढता काढता सांगायचा. "क्लार्कला विचारलं कधी होईल, तर म्हणे कल आओ."

या सगळ्यात चार महिने गेले. जो तो कुणाला ना कुणाला विचारत होता. बाबांना मात्र आम्ही कुणीच विचारलं नाही. खोली कुणासाठी आहे हे त्यांना कळलं होतं एवढंच.

परवानगीचा कागद आला त्या शुक्रवारी सकाळी आखणी करायची होती आणि दुपारनंतर नवऱ्याची माणसं पाया खोदायला येणार होती. आखणी मीच करतो, असं बाबा म्हणाले. इतक्या महिन्यांत त्यांनी स्वतःहून काही मागितलं ते हेच. खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली, गुण्या लावून कोपरे तपासले, चुन्याची फक्की मुठीतून अशी सोडली की रेघ जराही हलली नाही. मुलगी त्यांच्या मागे मागे फिरत होती. नवरा नारळ आणायला गेला होता.

मी नकाशा घेऊन बाहेर आले आणि बघतच राहिले. दार स्वयंपाकघरासमोर यायचं होतं. बाबांनी ते पलीकडे आखलं होतं, खोली आणि कंपाउंडची भिंत यांच्यामधल्या बोळात.

"बाबा, दार इकडे आहे ना नकाशात?"

"कागदावर चुकलंय गो. मी सरळ केलं," ते म्हणाले. "मागच्या खोलीचं दार घराकडे नसतं कधी. मी अशा किती केल्यात. मेड राहते, ड्रायव्हर राहतो, घरातल्यांना त्यांचं येणं-जाणं दिसू नये. इकडे खिडकीपण नको."

मला वाटलं, हे टोमणा मारतायत. राग आला, तोंडात उत्तरही तयार होतं. पण त्यांचा चेहरा पाहिला आणि ते गिळलं. टोमणा वगैरे काही नव्हता. नकाशा काढणाऱ्या पोराची चूक आपण वेळेत पकडली, याचं त्यांना समाधान होतं. आणि खरं सांगते, त्या क्षणी मला बरं वाटलं. दार पलीकडे गेलं तर किती सोपं होईल, असं मनात येऊन गेलं. मग स्वतःचीच लाज वाटली.

"बट आजोबा, देन यू कान्ट सी अस!" मुलगी म्हणाली.

"काय म्हणते गो ती?"

"दार घराकडे हवं म्हणते."

"ती म्हणते. तू काय म्हणतेस?" त्यांनी चुन्याचा डबा खाली ठेवला. "इकडे दार केलं तर मी दिवसभर तुझ्या डोळ्यांसमोर असणार. चालेल?"

म्हणजे त्यांना माहीत होतं. स्टुलावर बसून ते भाजी बघत नव्हते, मला बघत होते.

"चालेल की," मी म्हणाले. पण हे मी लगेच म्हणाले नाही. मधे जो वेळ गेला तो त्यांनी नेमका ऐकला. मग वाकून त्यांनी बोळातली दाराची खूण पायाने पुसली आणि स्वयंपाकघरासमोर नवी केली. नवरा नारळ घेऊन आला तेव्हा सगळं नकाशाप्रमाणे होतं.

खोली झाली. बाबा तिथे सहा वर्षं राहिले. दिवसभर दार उघडं ठेवून आत खुर्चीवर बसायचे, पण खुर्ची मांडायचे ती आतल्या भिंतीकडे तोंड करून. भाजी चिरताना मान वर केली की मला त्यांची पाठ दिसायची. बाबा, खुर्ची इकडे फिरवा, एवढं एक वाक्य होतं. सहा वर्षांत ते माझ्या तोंडून निघालं नाही.