डाव्या हाताचं पातं

चामड्याच्या पिशव्यांच्या कारखान्यात तिला सगळे धारवाली म्हणायचे. कापायच्या टेबलावर ती एकवीस वर्षं उभी होती. कारखान्याच्या सुऱ्या पातळ, दोन दिवसांत बोथट व्हायच्या, आणि जोर लावून लावून मनगटं भरून यायची. म्हणून ती घरीच सुऱ्या बनवायला लागली. आधी स्वतःसाठी, मग टेबलावरच्या सगळ्याजणींसाठी. साहेबांना ठाऊक होतं, पण काम भराभर उरकतंय म्हटल्यावर त्यांनी काणाडोळा केला.

मागच्या गॅलरीत, कपड्यांच्या दोरीखाली तिचा ग्राइंडर होता. भंगारातल्या पोलादाचं जाड, कोरं पातं घ्यायचं, कडेवर खिळ्यानं रेघ ओढायची आणि त्या रेघेपर्यंत ते तिरकं घासत उतरवायचं. एकदा चाकावर, एकदा पाण्यात. पातं तापून निळं पडलं की धार टिकत नाही, म्हणून ती उघड्या बोटांनीच धरायची. चटका बसला की पाण्यात बुडवायची. "आमच्या घरात मी सोडून सगळ्यांना धार आहे," नवरा म्हणायचा.

नणंद त्यांच्याकडेच राहायची. ही लग्न होऊन आली तेव्हा नणंद अकरा वर्षांची होती. तिच्या वेण्या घालण्यापासून वर्षापूर्वी तिला कारखान्यात चिकटवण्यापर्यंत सगळं हिनंच केलं. नणंद डावखुरी. उजव्या हाताच्या सुरीचा उतार उजव्या अंगाला काढतात, तिच्यासाठी तो डाव्या अंगाला काढावा लागे. तशी सुरी अख्ख्या कारखान्यात एकच होती.

एका मंगळवारी नणंदेनं ती शेजारच्या टेबलावरच्या शिलाईवालीला वापरायला दिली. शिलाईवाली उजव्या हातानं काम करणारी. जाड चामड्यात पातं भलतीकडे ओढलं गेलं आणि तिच्या अंगठ्यात हाडापर्यंत घुसलं. धारवाली तेव्हा गोदामातून चामडं आणायला गेली होती. परत आली तर फरशीवर रक्त, आणि शिलाईवालीला दवाखान्यात नेलेलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी दोघींना खोलीत बोलावलं. सुरी समोर ठेवलेली.

"ही तुम्ही बनवलीत?"

"हो," धारवाली म्हणाली.

"आणि शिलाईवालीला दिली कोणी?"

आता नणंद स्वतःच सांगेल, असं धारवालीला वाटलं. सकाळी दोघींनी मिळून डबे भरले होते.

"वहिनीनंच दिली," नणंद म्हणाली. "मी नको नको म्हणत होते."

उतार डाव्या अंगाला आहे, म्हणजे सुरी नणंदेचीच, एवढं धारवालीनं बोट ठेवून दाखवलं असतं तरी पुरे होतं. पण तिनं सुरीला हातही लावला नाही. साहेबांनी तिला पॅकिंगला पाठवलं आणि घरच्या सुऱ्यांवर बंदी घातली.

संध्याकाळी ती गॅलरीत गेली. नणंदेसाठीच घासायला काढलेलं नवं पातं अर्धं उतरवून ठेवलेलं होतं. तिनं ग्राइंडर लावला आणि ते चाकावर दाबून धरलं. पाण्याकडे बघितलंसुद्धा नाही. ठिणग्या दोरीवरच्या टॉवेलपर्यंत उडाल्या. कडेवर निळा डाग उठला, पसरला, बोटं भाजली तेव्हा पातं हातातून सुटलं.

नणंद दारात उभी होती.

"वहिनी, मला नवीन म्हणून काढूनच टाकलं असतं गं. तू जुनी. तुला कोण काढतंय, असं वाटलं."

"नाव माझं घेतलंस ते एक वेळ गिळलं असतं."

"मग?"

"'मी नको नको म्हणत होते' हे कशाला जोडलंस?"

नणंद आत निघून गेली.

नवऱ्यानं मधे पडून बघितलं. "लहान आहे ती," म्हणाला. "चौतीस वर्षांची आहे," धारवाली म्हणाली.

महिन्यानं शिलाईवाली अंगठ्याला पट्टी बांधून कामावर आली. धारवालीला पॅकिंगमध्ये बघून तिनं विचारलं, कारण कळलं तशी तिला घेऊन तडक साहेबांच्या खोलीत गेली. "सुरी मला हिच्या नणंदेनं दिली. मीच मागितली होती. ही तर तिथं नव्हतीच," तिनं साहेबांना सांगितलं. धारवालीला परत टेबलावर घेतलं. माफीबिफी कोणी मागितली नाही. साहेबांनी फक्त "लागा कामाला" म्हटलं. नणंदेची पॅकिंगला रवानगी झाली.

घरात मात्र काही जागेवर आलं नाही. धारवाली ताटं तिघांची वाढायची, बोलायची फक्त नवऱ्याशी. नणंदेनं पंधरा दिवस सोसलं, मग कारखान्याजवळ खोली बघितली.

निघायच्या दिवशी तिची ट्रंक जिन्यावरून एकटीला उतरवेना. धारवालीनं पुढे होऊन दुसरी कडी धरली. दोघी एकेक पायरी उतरत खाली आल्या. टेम्पोवाल्यानं ट्रंक वर घेतली.

"येते, वहिनी."

धारवालीच्या तोंडून 'ये' काही निघालं नाही. टेम्पो वळेपर्यंत ती तिथंच उभी राहिली आणि मग वर आली.