समोरची वाक्यं वाचणारा माणूस

परीक्षित देवस्थळीला लोक ओळखतात, पण कुठून ओळखतात ते त्यांना आठवत नाही. वॉशिंग्टनजवळच्या हर्नडनच्या किराणा दुकानात तो रांगेत उभा असला की कुणीतरी वळून वळून बघतं आणि शेवटी विचारतं, तुम्ही आमच्या डेंटिस्टकडे असता का? परीक्षित नाही म्हणतो. डेंटिस्ट तो खरं तर एकदा झालाय, विम्याच्या जाहिरातीत. हृदयाचा डॉक्टर अनेकदा. मालिकांमध्ये नातेवाइकांना ‘आम्ही शक्य ते सगळं केलं’ असं सांगून जो डॉक्टर दारातून निघून जातो आणि परत दिसत नाही, तसले डॉक्टर. शिवाय टॅक्सीवाला, मोटेलचा मालक, दूतावासातला खोटारडा अधिकारी. लष्कराच्या सराव-छावणीत उभारलेल्या खोट्या गावाचा खोटा मुखिया. मेडिकल कॉलेजात तो भाड्याचा रुग्ण असतो: भावी डॉक्टर पोट दाबतात आणि हा ठरल्या जागी कळवळतो. रंगमंचावर त्याने राजे केले, खुनी केले, पाद्री केले आणि एका बालनाट्यात कुरकुरणारं म्हातारं ओकचं झाड केलं. वॉशिंग्टनच्या आसपासच्या छोट्या थिएटरांत नट आजारी पडला की परीक्षितला फोन जातो. तो दोन दिवसांत पाठ करून येतो आणि मानधनावरून घासाघीस करत नाही.

त्याचं वय चोपन्न. जन्म मेरीलँडचा. वडील प्रल्हाद देवस्थळी नागपूरहून शिकायला आले आणि टेलिफोन कंपनीत इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले. आई शैला चार वर्षांपूर्वी गेली. त्यानंतर बाबा गेथर्सबर्गचं घर सोडून मुलाकडे राहायला आले. बायको रीमा सॉफ्टवेअर कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर आहे आणि घर तिच्या नोकरीवर चालतं, हे दोघंही न लाजता सांगतात.

या सगळ्या भूमिकांच्या मुळाशी एक गोष्ट होती आणि ती परीक्षितने वडिलांपासून लपवून ठेवली होती.

तो सव्वीस वर्षांचा असताना बाल्टिमोरच्या एका हॉटेलात गालिच्यांच्या दुकानाच्या जाहिरातीची ऑडिशन होती. त्याने अस्खलित अमेरिकन इंग्रजीत दोन ओळी म्हटल्या. समोरच्या बाईने विचारलं, जरा भारतीय हेल काढता येईल का? परीक्षितला तसला हेल नव्हता. त्याने तोंड उघडलं आणि बाबा बाहेर आले. वाक्याच्या शेवटी वर जाणारा सूर, बोलण्याआधी घसा खाकरणं, शर्टाच्या खिशावर हात ठेवून पेन आहे ना ते चाचपणं, सगळं. खोलीतली माणसं खदखदून हसली आणि काम मिळालं. ती जाहिरात स्थानिक वाहिन्यांवर बरीच वर्षं चालली. आई ती लागली की चॅनेल बदलायची. बाबा बातम्या आणि टेनिस यांखेरीज काही बघत नाहीत, अशी घरात समजूत होती.

पुढे त्या आवाजाने त्याला पोसलं. डॉक्टर गंभीर हवा असेल तर तोच आवाज हळू, मोटेलवाला विनोदी हवा असेल तर तोच चढा. मराठी कुटुंबात मुलगा नाटकात असला की मंडळातले काका-काकू गाड्या भरून येतात. परीक्षितने त्यावर एक नियम केला. ज्या नाटकात हेल नाही, त्याला सगळ्यांना बोलवायचं. ज्यात आहे, त्याची तिकिटं संपली असं बाबांना सांगायचं. नव्वद खुर्च्यांचं थिएटर अर्धं रिकामं असायचं, आणि बाबा ‘अरे वा, हाउसफुल’ म्हणून खूश व्हायचे.

मागच्या वसंतात एजंटने एक संहिता पाठवली. मोठी मालिका. पंच्याहत्तरीचा निवृत्त इंजिनिअर, बायको नुकतीच गेलेली. मुलगा त्याला न्यायला येतो आणि बाप घर सोडत नाही. हा बाप शेवटपर्यंत गोष्टीत राहणार होता. असं काम परीक्षितला आयुष्यात आलं नव्हतं, आणि या वयात पुन्हा येईल अशी चिन्हं नव्हती. टेप सोमवारी दुपारपर्यंत पोचायला हवी होती.

हल्ली ऑडिशनला कुणी बोलवत नाही. नट घरीच चित्रीकरण करून पाठवतो. त्यासाठी एक माणूस लागतो, रीडर. त्याने कॅमेऱ्यामागे बसून समोरच्या पात्राची वाक्यं वाचायची. नटाची नजर त्याच्यावर, आवाज त्याचा, चेहरा मात्र दिसत नाही. परीक्षितच्या घरी हे काम रीमाचं. पण ती दूर बेलव्ह्यूला मुलीकडे, शिवांगीकडे, तिचं घर लावून द्यायला गेली होती. नटमित्र अमित तापाने झोपला होता. रीमाने फोनवरून वाचून बघितलं, पण तिचा आवाज उशिरा पोचायचा आणि बाप-मुलाचं भांडण कस्टमर केअरच्या कॉलसारखं वाटायचं.

रविवारी दुपारी परीक्षित बेसमेंटमध्ये निळी चादर भिंतीला लावत होता, तेव्हा बाबा जिन्यातून खाली आले. काय अडलंय ते त्यांनी विचारून घेतलं. मग खुर्ची ओढून बसले, चष्मा लावला आणि कागदासाठी हात पुढे केला. परीक्षितला नाही म्हणायला कारण सापडलं नाही. तिकिटं संपली असं इथे सांगता येत नव्हतं.

पहिल्या वेळी त्याने हेल काढलाच नाही. कुठलाच नसलेला एक म्हातारा उभा केला, तोल सांभाळून, चुका न करता. बाबा मुलाची वाक्यं पोस्टातली सूचना वाचावी तशी वाचत होते. झाल्यावर त्यांनी विचारलं, हा माणूस कुठला आहे? परीक्षित म्हणाला, इंडियातला. बाबा म्हणाले, मग तसं दिसू दे.

डलेस विमानतळावर उतरणारं एक विमान घरावरून गेलं. ते जाईपर्यंत थांबावं लागतं, तसे दोघं थांबले. परीक्षितला कळत होतं की खोट्या माणसाची टेप पाठवली तर काम गेलं, आणि खरा माणूस समोरच बसलेला आहे. त्याने पुन्हा कॅमेरा सुरू केला. घसा खाकरला. खिशावर हात गेला. आणि तो आवाज आला.

तिसऱ्या वाक्याला बाबा वाचायचे थांबले.

“हा मी आहे,” ते म्हणाले.

परीक्षितने कॅमेरा बंद केला. “बाबा, लुक, आय कॅन एक्स्प्लेन.”

“एक्स्प्लेन काय करतोस? गालिच्याच्या अ‍ॅडमध्येपण मीच होतो.”

“यू सॉ दॅट?”

“मी काहून बघू? तुझी आई चॅनेल बदलायची, त्याच्या आधी दिसलास तेवढाच. ऑफिसातले लोक मला करून दाखवायचे. कॅफेटेरियात शिरलो की चालू. तो माझा मुलगा आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी म्हणायचो, माणूस बरं काम करतो.”

परीक्षित काही वेळ रिंग लाइटची वायर गुंडाळत राहिला. ती गुंडाळायची गरज नव्हती. मग म्हणाला, “तुम्ही कधी बोलला नाहीत.”

“तू कधी तिकीट दिलं नाहीस.”

परीक्षितने सॉरी म्हटलं, इंग्रजीत, आणि बाबांनी मान हलवली. ती माफी होती की नुसती पोच, ते त्याला कळलं नाही. बाबांनी कागद पुन्हा डोळ्यांसमोर धरला आणि म्हणाले, ते राहू दे, आत्ता चुकतंय ते बघ. नको म्हणताना तू ओरडतोस. मी ओरडतो का?

मग त्यांनी विचारलं, “गेथर्सबर्गला मला न्यायला आलास, तेव्हा मी काय म्हणालो होतो?”

परीक्षितला आठवलं. तो खोकी आणि पाठ केलेलं भाषण घेऊन गेला होता. बाबांनी ऐकून घेतलं नव्हतं. त्यांनी विचारलं होतं, टायरमध्ये हवा आहे का? मग ड्राइव्हवेवर वाकून स्वतः चारी चाकांची हवा मोजली होती, हात धुतले होते आणि गाडीत येऊन बसले होते. बाप सहज आला, असंच परीक्षित तेव्हापासून समजत आला होता.

“टायरचं विचारलंत.”

“हां,” बाबा म्हणाले. “मग तसं कर.”

संहितेत टायर नव्हते आणि वाक्यं बदलायची मुभा नसते. म्हणून परीक्षितने वाक्यं तीच ठेवली आणि माणूस बदलला. त्याचा म्हातारा आता मुलाकडे बघतच नव्हता. तो खिशावर हात ठेवून खिडकीबाहेर, मुलाच्या गाडीकडे बघत होता. ‘मी इथे ठीक आहे, तू जेवून जा,’ हे तो दुसऱ्याच कुणाबद्दल सांगावं तसं म्हणाला.

यावर मुलाचं वाक्य होतं: डॅड, तुम्ही एकटे राहू शकत नाही. ते आलं नाही. बाबांचा चष्मा हातात होता आणि कागद मांडीवर. वरून विमानाचा आवाज वाढत गेला. एरवी परीक्षितने तिथे टेप थांबवली असती. तो थांबला नाही. म्हातारा होऊन तसाच बसून राहिला. विमान गेलं, आणि मग बाबा कागद न बघता, हळू म्हणाले, “बाबा, तुम्ही एकटे राहू शकत नाही.” संहितेत ‘डॅड’ होतं.

परीक्षितने उरलेला प्रसंग केला आणि तीच टेप विमानासकट पाठवली. वर जाताना बाबांनी त्याला सांगितलं की चादरीचा डावा कोपरा सुटलाय, तो फ्रेममध्ये आला असणार.

दोन आठवड्यांनी व्हिडिओ कॉलवर बोलावणं आलं. दिग्दर्शिकेने एकच प्रश्न विचारला. ती मधली शांतता तू ठरवून घेतलीस का? हो म्हणणं सोपं होतं. नट अशा वेळी हो म्हणतात. परीक्षित म्हणाला, रीडर वाक्य विसरला, मी थांबलो. ती हसली. रीडर कोण, ते तिने विचारलं आणि त्याने सांगितलं. काम त्याला मिळालं. पुढच्या कॉलला दिग्दर्शिकेने एक सूचना दिली, की पुन्हा टेप लागली तर रीडर बदलावा, लक्ष त्याच्याकडे जातं.

मालिकेचं चित्रीकरण सुरू व्हायच्या आधी आर्लिंग्टनच्या छोट्या थिएटरात परीक्षित मोटेलवाला करत होता, चढ्या हेलाचा. शुक्रवारच्या प्रयोगाचं तिकीट त्याने बाबांच्या चहाच्या कपाखाली ठेवलं. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून तिसऱ्या रांगेत बसले. लोक पुष्कळ ठिकाणी हसले. बाबा दोन ठिकाणी हसले. गाडीत परत येताना त्यांनी कुठली दोन, ते सांगितलं नाही. थिएटर अर्धं रिकामं का होतं, एवढं मात्र विचारलं.

आता हर्नडनच्या ट्रेलवर सकाळी चालणाऱ्या निवृत्तांमध्ये या मालिकेची चर्चा असते. त्यांच्यातल्या एकनाथकाकांनी परवा बाबांना गाठून विचारलं, तुमच्या मुलाला रोल तरी काय आहे?

“रोल माझा आहे,” बाबा म्हणाले. “मला वेळ नव्हता, म्हणून त्याला घेतलं.”

आणि खिशावर हात ठेवून, पेन आहे ना ते बघून, ते पुढे चालू लागले.